तीस झाले होते

दिवाळीचे कंदील उतरले की बाळाकाकांचा फोन येतो. "बोर्ड माळ्यारसून खाली काढलो. येवन एकदा बघ गो बाय." बाळाकाका आमच्या कबड्डी मंडळाचे चिटणीस. सगळा जन्म घाटकोपरच्या भटवाडीत गेला, पण जीभ अजून मालवणातच राहते. मी म्हणते, येते रविवारी. फोन ठेवल्यावर मात्र दहा मिनिटं मला काही सुचत नाही. सात वर्षं झाली, दर हिवाळ्यात हे असंच. थंडी पडली की लोकांना हुरडा आठवतो, आमच्या खालच्या गुजराती शेजारणीला उंधियू आठवतो. मला तो बोर्ड आठवतो.

आमचं मैदान म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी दोन चाळींच्या मधे उरलेली जागा. एरवी तिथे रिक्षा उभ्या असतात. नोव्हेंबर संपता संपता रिक्षावाल्यांना हात जोडून हलवलं जातं, ट्रक लाल माती ओतून जातो, आणि मग आठवडाभर माती चाळा, पाणी मारा, रोलर फिरवा. ओली माती, निलगिरीचं तेल आणि कोपऱ्यावरच्या भजीवाल्याची कढई, या तिघांचा मिळून एक वास असतो. बाहेरगावी गेलेली आमची पोरं त्या वासासाठी जीव टाकतात. मला कोणी तो बाटलीत भरून दिला तर मी बाटली फोडून टाकेन. संध्याकाळी चाळीच्या कठड्यावर मुलींच्या नी-कॅप धुऊन वाळत घातलेल्या असायच्या. त्यातली हिरवी जोडी वैशूची, माझ्या धाकट्या बहिणीची.

वैशू डावा कोपरा खेळायची. समोरच्या संघाची मुलगी चढाईला आली की कोपऱ्यावरच्या खेळाडूने तिचा घोटा धरायचा, आणि धरला की मेलं तरी सोडायचा नाही. "घोरपड आसा ती," बाळाकाका कौतुकाने म्हणायचे. पण वैशूची खरी ताकद हातात नव्हती. चढाईला तीस सेकंद मिळतात, तेवढ्यात परतली नाही तर चढाईवाली बाद. ते तीस सेकंद वैशूच्या पोटात होते. बाकीच्या मुली पंचांच्या हाताकडे बघायच्या, टेबलाकडे बघायच्या. ही बघायचीच नाही. तिला माहीत असायचं.

हे बाबांनी शिकवलेलं. बाबा तरुणपणी हुतुतू खेळलेले, मातीतलं, घड्याळाशिवायचं. "आमच्या वेळी दम हेच घड्याळ," ते सांगायचे. "दम सुटला की गडी बाद. कोणाला विचारायला जायचं नाही." वैशू आठ वर्षांची असताना ते तिला टेकडीच्या पायऱ्यांवर न्यायचे, मनगटावरचं चावीचं घड्याळ हाताने झाकायचे आणि म्हणायचे, "पळ. तीस झाले की थांब. तोंडाने मोजू नको, पोटाने मोज." मी खालच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली असायचे. माझं अंग जड, मला कोणी पळ म्हणायचंच नाही. पहिल्या वर्षी ती पंचवीसला थांबायची, कधी छत्तीसला. दहाव्या वर्षापासून ती तीसलाच थांबायला लागली. चाळीत कोणाकडे पाहुणे आले की वैशूला बोलावून हा खेळ दाखवायचे. मला कोणी बोलवायचं नाही, कारण मी काय करते ते पाहुण्यांना दाखवण्यासारखं नव्हतंच. मी जुने रेडिओ उघडून बसायचे. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा.

मग माझी पाळी आली. मधे तीन-चार वर्षं शिक्षण थांबलं होतं, म्हणून पंचविशी उलटली तरी मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. हाताच्या पंजाएवढा एक निळा बोर्ड मिळतो, हौशी लोकांसाठीचा, त्यावर एक चिप. आपण लिहू तसं ती वागते. त्यावर मी मंडळासाठी चढाईचं घड्याळ करायला घेतलं. तोच बाळाकाकांचा बोर्ड: फळीवर मोठे लाल आकडे, तीसपासून खाली शून्यापर्यंत, आणि शून्याला भोंगा. तोपर्यंत गुणलेखक टेबलावर स्टॉपवॉच घेऊन बसायचा आणि तीस झाले की शिट्टी मारायचा.

पहिल्यांदा मी सोपा मार्ग घेतला होता. चिपला सांगायचं, एक सेकंद थांब, मग आकडा बदल, मग परत थांब. पण थांब म्हटलं की ती थांबतेच. त्या सेकंदात पंचांनी बटण दाबलं तरी तिला कळत नाही. मग मी टायमर इंटरप्ट शिकले. चिपच्या आतच एक छोटं घड्याळ असतं. ते सेकंदाच्या दर हजाराव्या भागाला चिपला हाक मारतं. चिप हातातलं काम आहे तिथे ठेवते, मोजलेल्यात एक मिळवते आणि परत तिथूनच काम पुढे चालू करते. आई पोळ्या लाटत असताना बेल वाजली की लाटणं ठेवते, कचरेवालीला डबा देते आणि परत त्याच अर्ध्या पोळीवर येते, तसंच. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा मी खोलीत एकटीच नाचले होते. आकडे पळत होते आणि बटणही ऐकू येत होतं. झकास!

पुस्तकी मराठीत इंटरप्टला 'व्यत्यय' म्हणतात. लहानपणी टीव्ही बंद पडला की पडद्यावर यायचं, व्यत्ययाबद्दल क्षमस्व. आपल्याकडे व्यत्यय म्हणजे ज्याची माफी मागायची ती गोष्ट. चिपचं उलटं आहे. व्यत्यय आला नाही तर तिला वेळ कळतच नाही. त्या काळात मला हे फार आवडलं होतं, सगळ्यांना सांगत सुटले होते. आता कोणी हे असं सुविचारासारखं बोललं की माझं डोकं फिरतं.

आणखी एक सांगायला हवं. काम फार नाजूक असेल तर चिप कान बंद करून घेऊ शकते. तेवढ्या वेळापुरत्या सगळ्या हाका बंद. कान उघडले की तिला एवढंच कळतं की मधे बेल वाजली होती. एकदा वाजली की सहादा, ते कळत नाही. ती एकदाच धरते. पुस्तकात हे होतं. मी वाचलंही होतं. परीक्षेला आलं असतं तर पाचपैकी पाच गुण मिळवले असते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी बाळाकाका फळीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "नुसते आकडे? अगो, हॉस्पिटलात लिफ्ट इल्यासारखा दिसता. कडेन जरा रोषणाई घाल."

मला कोणी काही कर म्हणतंय याचंच इतकं अप्रूप होतं. मी फळीच्या कडेने दोनशे छोट्या दिव्यांची पट्टी लावली, मंडळाचे रंग पिवळा आणि निळा, एकामागून एक धावणारे. बघायला चाळ लोटली. बाबासुद्धा हात मागे बांधून पाच मिनिटं बघत उभे राहिले. ते दिवे धावताहेत ना, ते मी बघितलं. आकडे तीसवरून शून्यावर येताहेत ना, तेही बघितलं. किती वेळात येताहेत, ते बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी गुणलेखकाने सवयीने स्टॉपवॉच बाहेर काढलं तेव्हा मीच बोलले, "ते खेळणं ठेवा हो आत, आता मशीन आहे." त्यांनी ते खणात ठेवलं आणि खण लावला.

अंतिम सामना मुलुंडच्या संघाशी होता, रविवारी संध्याकाळी पाचला. एका बँकेच्या संघाचे दोन निवडकर्ते खुर्च्यांवर बसले होते. त्यांना एक कोपरा रक्षक हवी होती. संघात घेतलं की नोकरी, कायमची. वैशू चोवीसची होती, आणि त्या भरतीची वयाची अट येत्या ऑगस्टला, तिच्या वाढदिवसाला संपत होती. आमच्या घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. कोणी बोलत नव्हतं. आईने सकाळी देवाला नारळ मात्र ठेवला होता.

गुण बरोबरीत. शेवटची चढाई मुलुंडची. त्यांची मुलगी उंच, लांब हातांची, मधल्या रेषेपाशीच घुटमळत होती. आमच्या तीन मुली मैदानात, डावीकडे वैशू वाकून, हात पुढे, ओठ किंचित हलत होते. सगळं मैदान गप्प. फक्त चढाईवाल्या मुलीचं कबड्डी कबड्डी आणि माझे दिवे धावत होते. मी टेबलापाशी उभी होते. मी वैशूकडे नाही, दिव्यांकडे बघत होते. लाज वाटते सांगायला, पण किती छान दिसताहेत असं माझ्या मनात येत होतं.

आणि वैशू सरळ उभी राहिली. अंग सैल सोडलं, हात वर केला आणि पंचांकडे वळून ओरडली, "तीस!" फळीवर दोन होते. त्या मुलीने झेप घेतली, वैशूच्या पाठीला हात लावला आणि रेषेपलीकडे जाऊन पडली. मग भोंगा वाजला. आम्ही एका गुणाने हरलो.

"तीस झाले होते," वैशू पंचांना सांगत होती. "सर, तीस झाले होते." पंचांनी नुसतं फळीकडे बोट केलं. ती धावत माझ्याकडे आली. "ताई, तीस झाले होते ना?" मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. मी बोलले, "घड्याळ समोर होतं वैशू. डोळे कुठे होते तुझे?"

बाबा आमच्या पुढे चालत घरी आले. दारात चपला काढताना म्हणाले, "घड्याळाच्या पुढे धावायला गेलीस." वैशूने मान खाली घातली. आईने ताट वाढलं तेव्हा ती परत पुटपुटली, तीस झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चुकलं माझं. माझा अंदाज गेला." त्यानंतर ते वाक्य तिच्या तोंडून परत आलं नाही. मनगटावर भलंमोठं घड्याळ आलं. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ती मोजेनाशी झाली. आईला विचारायची, किती झाल्या गं? हिरव्या नी-कॅप एकदा धुऊन वाळत घातल्या त्या कोणी काढल्याच नाहीत, उन्हाने पिवळ्या पडल्या.

मे महिन्यात मंडळाचं मुलांचं शिबिर असतं, त्यासाठी बाळाकाकांनी बोर्ड माझ्याकडे पाठवला. दुपारची वेळ, घरी मी एकटी. सहज म्हणून फोनचं घड्याळ शेजारी लावलं. फोन तीसवर आला तेव्हा माझ्या फळीवर दोन होते. मी परत लावलं. परत दोन. कडेची रोषणाई बंद केली आणि लावलं, तर दोन्ही एकदम संपले. रोषणाई चालू, परत दोन.

प्रकरण एका ओळीचं होतं. त्या दिव्यांना रंग पाठवणं हे फार नाजूक काम. दोनशे दिव्यांना रंग पाठवून होईपर्यंत चिप कान बंद करून घेते. तेवढ्यात टायमरच्या सहा हाका येऊन जातात, ती एकच धरते. दिवे धावत राहावेत म्हणून हे सेकंदाला तेरा-चौदा वेळा. असं करत करत तीस सेकंदांचे बत्तीस झाले. चढाया बहुतेक पंधरा-वीस सेकंदांत संपतात, पूर्ण सामन्याची वेळ पंचांच्या हातातल्या घड्याळावर, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. एकीच्या आलं होतं. तिने ओरडून सांगितलंही होतं.

चढाई चालू असताना रोषणाई थांबवायची, एवढाच बदल मी केला. अर्धा तास लागला. सांगायला मात्र जमलं नाही. संध्याकाळी सांगू, मग रविवारी सांगू, बाबांचं बीपी जरा उतरू दे मग सांगू. आता सांगून काय होणार, सामना थोडाच परत होणार आहे? सगळी कारणं अगदी व्यवस्थित होती. मी हुशार मुलगी ना, मला कारणं पटकन सुचतात.

आणि खरं कारण सांगते. चाळीत पहिल्यांदा लोक मला ओळखायला लागले होते. "बोर्ड बनवला ती." बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला ती फळी दाखवायचे, माझ्या पोरीने केलीय म्हणायचे. त्यांच्या तोंडी 'माझी पोरगी' म्हणजे कायम वैशू असायची. मला ते सोडवेना.

जूनमध्ये अंधेरीला नोकरीची मुलाखत होती. थंडगार खोली, समोर तिघं जण. त्यातल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतः शोधून काढलेली एखादी अवघड चूक सांगा." आणि मी सांगितली. कागदावर आकृती काढून सांगितली. हाका कशा हरवतात, एकच कशी उरते, तीसचे बत्तीस कसे होतात. तिघंही पुढे सरकून ऐकत होते. बाई हसून म्हणाल्या, "बारीक नजर आहे तुमची." घरी कोणालाही न सांगितलेली गोष्ट मी तीन अनोळखी माणसांना सांगितली, आणि तिच्यावर नोकरी मिळवली. वैशूचं नाव मी घेतलं नव्हतं. एक खेळाडू, एवढंच म्हटलं होतं.

त्याच आठवड्यात राणे सर घरी आले. सर मुलींच्या संघाचे प्रशिक्षक, पायात झिजून सहाण झालेली चप्पल, हातात कायम शिट्टी. बँकेची जागा अजून भरली नव्हती. जुलैत निवड चाचणी होती, आणि वैशू वयाच्या अटीत अजून महिनाभर तरी बसत होती. सर खुर्चीच्या टोकावर बसले होते. "वैशाली, एका चढाईवरून कोणी खेळ सोडतं का गं? मी सांगतो ना तुला, चल."

वैशू भिंतीला टेकून उभी होती. "नको सर. माझं मोजणं चुकतं आता. भर मैदानात परत तसं झालं तर बाबांना तोंड नाही दाखवू शकणार मी." सर अर्धा तास समजावत राहिले. मग उठले. जुलै आला नि गेला.

वैशू आता एका मॉलच्या दाराशी उभी असते. बायकांसाठीचा पडदा लावलेला तो छोटा खण असतो ना, त्यात. आठ तास येणाऱ्या बायकांच्या अंगावरून यंत्र फिरवते. यंत्र वाजलं तर पर्स उघडायला सांगते, नाही वाजलं तर जा म्हणते. एकदा मी तिथे गेले होते. माझ्याही अंगावरून तिने ते फिरवलं आणि हसली, "जा, तू क्लीअर आहेस." मी मॉलमधे काही न घेता मागच्या दाराने बाहेर पडले आणि रस्त्यावर उभी राहून रडले.

परवाच्या रविवारी मी मुलुंडहून, म्हणजे माझ्या सासरहून, बोर्ड बघायला आले. माती ओली होती. आता मी फळी लावते ती घाईघाईत, दिव्यांकडे न बघता. आकडे बरोबर चालत होते. सात वर्षं बरोबरच चालताहेत. वैशूची सुट्टी होती. मी फोन उचलत नाही म्हणून आईने तिला जेवायला बोलवायला पाठवलं. ती मैदानाच्या कडेला, फरशीवर थांबली. मातीवर तिने पाय ठेवला नाही. ती ठेवतच नाही.

"चल ना ताई, माशाचं कालवण थंड होतंय."

माझ्या तोंडून काय निघालं मलाच कळलं नाही. "वैशू, तीस मोज ना."

"काय?"

"तीस. पूर्वी मोजायचीस तसे. मी फोन लावते."

"वेडी झालीस काय तू? मला नाही जमत ते. तुला माहितीये ना, माझं चुकतं."

"मोज गं. माझ्यासाठी."

तिने माझ्याकडे बघितलं. मग मनगटावरचं घड्याळ उलटं फिरवलं आणि डोळे मिटले. ओठ किंचित हलायला लागले. फोन माझ्या हातात होता. रोलरखाली माती दबल्याचा आवाज येत होता, लांबून मेट्रो जात होती. बाळाकाका कोणावर तरी ओरडत होते. तिच्यापर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं.

"झाले," ती म्हणाली.

मी फोन तिच्यापुढे धरला. तीस. वर फार तर टिचकीभर.

ती बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंदच आला, दहाव्या वर्षी पायऱ्यांवर यायचा तसा, आणि तो बघून मला मरून जावंसं वाटलं. मग मी सांगितलं. सगळं. दिवे, कान बंद करणं, बत्तीस. या वेळी आकृती काढली नाही. खणात ठेवायला लावलेलं स्टॉपवॉचसुद्धा सांगितलं. मी म्हटलं, "तुझं बरोबर होतं वैशू. तीस झाले होते."

"हं," ती म्हणाली. मग ती त्या फळीकडे वळली. मला वाटलं आता शिव्या देईल. दे बाई, मी मनात म्हणत होते, दे एकदाच्या.

"कधी कळलं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. परवा कळलं म्हटलं असतं तरी तिने मानलं असतं. माझ्यावर तिचा तेवढा विश्वास आहे.

"मे महिन्यात," मी म्हटलं. "सामन्यानंतरच्या पहिल्याच."

तिने बोटांवर मोजलं नाही. घड्याळाकडेही बघितलं नाही.

"राणे सर जूनमधे आले होते, ताई," ती म्हणाली. "त्यांना चहा तूच आणून दिलास."